पाठीला पाऊण इंच

माझा भाऊ कोट शिवायचा आणि माणसांना म्हातारं करायचा. कोट बरे असायचे.

आमच्या वडिलांचा शिवणकारखाना होता. एका लांबट खोलीत आठ मेजं, चार खिडक्या आणि मागच्या दाराशी एक बुटकं बाक. वडील गेल्यावर दादा कटिंग मास्तर झाला आणि मी दुसऱ्या खिडकीशी कॉलर बसवायला लागले. कोटात कॉलर हे सगळ्यात अवघड काम. हे मी स्वतःचं कौतुक म्हणून सांगत नाही. म्हणजे, सांगतेच आहे.

दादाने एक नियम काढला होता. पंचावन्न पूर्ण झाली की खिडकीजवळचं मेज सोडायचं आणि मागच्या बाकावर काजं-बटणं करायला बसायचं. हात चालतो का, सुईत दोरा ओवता येतो का, हे कुणी बघायचं नाही. वय बघायचं. त्या दिवशी दादा स्वतःच्या हाताने कापलेला एक कोट भेट द्यायचा, खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "खूप केलंत. आता आराम करा." सगळे टाळ्या वाजवायचे. आपली पाळी अजून आलेली नाही, या आनंदात जरा जोरातच वाजवायचे.

त्या कोटाचं माप निराळं असे. वाकलेल्या माणसाला पाठीकडून कापड जास्त लागतं आणि पुढून कमी, हे कुठलाही शिंपी सांगेल. पण दादा माणूस वाकायची वाट बघायचा नाही. पंचावन्न झालेला माणूस खांबासारखा ताठ उभा असला, तरी वहीत लिहिताना तो पाठीला पाऊण इंच वाढवायचा आणि पुढून पाऊण इंच कापायचा. "कोट दहा वर्षं टिकतो," तो म्हणायचा. "तोवर माणूस वाकणारच. वाकला की बसेल." आम्ही सगळे त्याच्या हाताखाली शिकलो. शाळेत पाढे पाठ होतात, तशी ही रीत आमच्याही हातात बसली.

आमच्याकडे लांब्या म्हणून एक कारागीर होता. बाही लावण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पंचावन्न झाली आणि तो बाकावर गेला. त्या बुटक्या बाकावर त्याचे गुडघे हनुवटीला लागायचे. भेट मिळालेला कोट तो रोज घालायचा, मास्तरांनी दिलाय म्हणून. येणारा-जाणारा म्हणायचा, "बसा हो, तुम्ही कशाला उठता?" वर्षभरात त्याची पाठ गेली, दोन वर्षांत हात थरथरायला लागले, आणि तिसऱ्या वर्षी तो यायचाच बंद झाला.

"बघितलंस, टाचणे?" दादा मला म्हणाला. "वेळेवर हलवला म्हणून बरं. नाहीतर खिडकीशी बसून चांगले कोट बिघडवले असते."

टाचणी हे माझं लहानपणापासूनचं नाव. टोचते म्हणून दादानेच ठेवलेलं.

माझी पंचावन्न झाली तेव्हा मलाही तो कोट मिळाला. राखी रंगाचा, उत्तम लोकरीचा. दादाने खांद्यावर हात ठेवला, टाळ्या वाजल्या. आदल्याच दिवशी मी अकरा कॉलर बसवल्या होत्या आणि एकीलाही सुरकुती नव्हती. मी कोट हातात घेतला, माझी कात्री पिशवीत टाकली आणि पुढच्या दाराने बाहेर पडले. कोट घरी नेऊन ट्रंकेत तळाशी घातला. दोन गल्ल्या सोडून जिन्याखालची खोली घेतली आणि आल्टरेशनची कामं सुरू केली. त्याला तेरा वर्षं झाली. मी अडुसष्टची आहे, रोज आठ तास उभी असते, आणि दादाच्या घरी लग्नकार्याखेरीज पाऊल टाकलेलं नाही. वहिनी तेवढी माझ्याकडे यायची, काही शिवायच्या निमित्ताने, पण गेली चार-पाच वर्षं तिचंही येणं थांबलं होतं.

नियम स्वतःवर आला तेव्हा दादाने तो पाच वर्षं पुढे ढकलला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, म्हणतात ना. पण साठीला मात्र त्याने स्वतःसाठी कोट कापला, तोच पाऊण इंच घालून, कारखाना मुलाच्या ताब्यात दिला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसला. मुलगा आता पडदे शिवतो. दादा बारा वर्षं त्या खुर्चीत आहे. जिना नको, ह्या वयात दम लागतो. पेपर नको, ह्या वयात डोळे दुखतात. कुणी भेटायला नको, ह्या वयात बोलायचं काय. बघताबघता दम खरंच लागायला लागला आणि डोळे खरंच दुखायला लागले, आणि दरवेळी तो म्हणायचा, "बघ, म्हणालो नव्हतो?"

दोन महिन्यांपूर्वी तो न्हाणीघरात पडला. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, स्क्रू बसवले. हाड छान जुळलं. पण तो उभा राहीना.

एका सकाळी वहिनीचा फोन आला. "वन्सं, डॉक्टर म्हणाले, ह्या पंधरा दिवसांत उभे राहून पावलं टाकली नाहीत, तर पाय कायमचे जातील. मग अंथरुणातच. व्यायाम करून घ्यायला मुलगी येते तर हे डोळे मिटून घेतात. तुम्ही या."

"मी येऊन काय करू? त्याचं माझं पटत नाही, माहीत आहे ना तुला?"

"म्हणून तर बोलावते. तुमच्याशी भांडायला तरी उठतील."

मी गेले. त्याच्यासाठी नाही. वहिनी साठी ओलांडलेली बाई, तिला तो धिप्पाड माणूस दिवसातून सहा वेळा खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत घालावा लागत होता. दार तिने उघडलं तेव्हा मला धक्का बसला. पाठीत पार वाकली होती. मनात म्हटलं, लांब्याला वाकवलं, आता बायकोलाही वाकवलं.

दादा खुर्चीत होता, अंगात तोच साठीचा कोट, हनुवटी छातीवर. शेजारी वॉकर होता आणि त्यावर वहिनीने दोन टॉवेल वाळत घातले होते.

"टाचणी आली," तो म्हणाला. "म्हणजे मी मरतोय वाटतं."

"तेवढं सुख कुठलं? उठायचं आहे तुला."

"बहात्तर वय झालं माझं. म्हातारं हाड जुळत नाही."

"जुळलंय. फोटोत दिसतंय."

"फोटोला काय कळतं?"

"आणि तुला कळतं?"

"मला कळतं." आता त्याने मान वर केली. "चाळीस वर्षं माणसं मापली मी. पंचावन्ननंतर माणूस उताराला लागतो. मी वहीत लिहायचो आणि दोन-तीन वर्षांत माणूस बरोबर त्या मापात यायचा. एकदाही चुकलं नाही. लांब्याला विसरलीस?"

"लांब्याला तू बाकावर बसवलंस म्हणून तो गेला."

"तो जाणार होता म्हणून मी बसवला. तू नेहमी उलटं बोलतेस."

"उठ म्हणते मी."

"नाही उठत. ह्या वयात अजून एकदा पडायची हौस नाही मला. तू जा, तुझ्या जिन्याखाली बस."

मी अर्धा तास भांडले. आळशी म्हटलं, भित्रा म्हटलं, बायकोच्या जिवावर उठलास म्हटलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्याने माझ्यासमोरही डोळे मिटून घेतले, ओठांवर बारीकसं समाधान ठेवून. मला इतका राग आला की मी जिना दाणदाण उतरले. तो उठला नाही याचं दुःख मला तेव्हा फारसं नव्हतं. तो स्वतःला बरोबर ठरवून मरणार, हे मला सहन होत नव्हतं.

घरी आले तरी त्याचं एक वाक्य डोक्यातून जाईना. एकदाही चुकलं नाही. एवढा मोठा बढाईखोर, पण हे खोटं नव्हतं. मी स्वतः बघितलं होतं. ज्याला ज्याला तो कोट मिळाला, त्याला सुरुवातीला तो ढगळ व्हायचा आणि मग बसायचा. सगळ्यांना बसला.

सगळ्यांना नाही. एक कोट कुणी घातलाच नव्हता.

मी ट्रंक उपसली. डांबराच्या गोळ्यांचा वास झटकला, कोट अंगात घातला आणि आरशासमोर उभी राहिले. भयंकर दिसत होता. मानेखाली कापडाचा फुगा, पुढची कड बोटभर वर चढलेली, बटणं लावली की छातीवर ताण. मी मनाशी हसले. मग तसाच अंगावर ठेवून चहा टाकला, पातेलं घासलं, भांडी लावली. पंधरा मिनिटांनी सहज आरशात लक्ष गेलं, तर कोट बसलेला.

कोट तोच होता. माझे खांदे पुढे आले होते. छातीवरचा ताण नको म्हणून अंगाने आपोआप वाट काढली होती, मला न विचारता. मी ताठ झाले की तो फुगायचा, वाकले की गुळगुळीत. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लांब्याने असाच कोट दोन वर्षं घातला होता, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, त्या बाकावर, आणि कानावर दिवसभर "तुम्ही कशाला उठता?" नुसत्या कोटाने माणूस वाकत नाही, एवढं मलाही कळतं. पण कोट, बाक आणि सगळ्यांची ती मऊ जीभ एकत्र आली तर कोण ताठ राहील?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो कोट घालूनच दादाकडे गेले. रस्ताभर हट्टाने ताठ चालले. लोक बघत होते, बघू देत.

दादाने डोळे उघडले आणि बंद करायचं विसरला. माणूस शेवटी मास्तर. त्याची नजर कॉलरवरून खांद्यावर, खांद्यावरून खालच्या कडेवर गेली आणि तिथेच अडकली.

"हा काय अवतार?"

"तू कापलेला कोट. ओळखला नाहीस?"

"मागे फुगलाय."

"दिसतंय."

"पुढून वर चढलाय. कड सरळ नाही."

"तेच दाखवायला आलेय. तुझी कटिंग चुकलीय."

"माझी कटिंग चुकत नाही." त्याच्या आवाजात बारा वर्षांत पहिल्यांदा जोर आला. "तू नीट उभी नाहीस. खांदे सोड. जरा पुढे झुक."

"मी अशीच उभी असते."

"अडुसष्टाव्या वर्षी असं कुणी उभं राहत नाही."

"तुझ्या वहीत राहत नसेल. इथे राहतेय."

"काढ तो."

"नाही काढत. आज हाच घालून सगळीकडे फिरणार आहे. कारखान्यातही जाणार आहे, तुझ्या मुलाच्या कारागिरांना दाखवायला. कुणी शिवला म्हणून विचारलं तर काय सांगू?"

त्याची बोटं मांडीवर हलत होती, अंगठा आणि पहिलं बोट, कापडाची चुणी धरावी तशी. मला ती हालचाल लहानपणापासून माहीत आहे. चुकीचा कोट समोर असला की त्याला घास गिळवत नसे.

"इकडे ये," तो म्हणाला.

"तू ये."

"टाचणे, इकडे ये म्हणतो ना."

"कोट इथे आहे. ज्याला बघायचाय त्याने यावं."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दादाने तिच्याकडे न बघता विचारलं, "टाचण्या कुठे आहेत?"

वहिनीने टाचण्यांची डबी आणली. मग वॉकरवरचे टॉवेल उचलले आणि वॉकर त्याच्यासमोर ठेवला.

तो उठला तेव्हा बघण्यासारखं काही नव्हतं. दोनदा मागे पडला. शिव्या दिल्या, मला, डॉक्टरला, कोटाला. तिसऱ्यांदा उभा राहिला, पाय लटलटत होते, कपाळावर घाम. चार पावलं होती आमच्यात. ती टाकायला त्याला जितका वेळ लागला, तितक्यात मी एक काज केलं असतं. मी हात पुढे केला नाही. केला असता तर तो धरून तो पुन्हा म्हातारा झाला असता.

माझ्या मागे येऊन त्याने एक हात माझ्या खांद्यावर टाकला, सगळं वजन देऊन. दुसऱ्या हाताने कॉलरखालचं कापड चिमटीत धरलं. टाचण्या ओठांत. एक लावली, दुसरी लावली. हात थरथरत नव्हता. श्वास तेवढा माझ्या मानेवर लागत होता.

"किती?" मी विचारलं.

टाचण्यांच्या फटीतून तो म्हणाला, "पाऊण इंच."

"तेवढंच घातलं होतंस."

"तू घातला नाहीस म्हणून. घातला असतास तर बसला असता."

"हो. लांब्याला बसला तसाच."

खांद्यावरचा हात जड झाला. मला वाटलं, पडतोय. पण तो उभा होता. तो समोरच्या भिंतीवरच्या आरशात बघत होता. माझ्याकडे नाही. स्वतःच्या अंगातल्या कोटाकडे, जो कुठेही सुरकुती न पडता त्याच्या वाकलेल्या खांद्यांवर अगदी तंतोतंत बसला होता.

खुर्चीत परत बसला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. घड्याळात मी चार मिनिटं मोजली होती.

"पाठ उसवून आण उद्या," तो म्हणाला. "कच्चे टाके घालून. उभ्यानेच बघावी लागेल, बसून कॉलर कळत नाही." आणि थोड्या वेळाने, "माझाही उसव."

मी टाचण्यांसकट कोट उतरवून हातावर घेतला. मी जिंकले होते, आणि ते मला पायाच्या नखापर्यंत कळत होतं. तो चालणार होता. मला दाखवायला का होईना, चालणार होता. तेरा वर्षांचा सूड मी चार मिनिटांत घेतला होता आणि वर पुण्यही पदरात पडलं होतं. इतकी खूश मी कित्येक वर्षांत झाले नव्हते.

"थांबा वन्सं, मी पण येते खालपर्यंत," वहिनी म्हणाली. "औषध आणायचंय. आज ते एकटे बसतील थोडा वेळ." तिचे डोळे ओले होते. तिने खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला, बटणं लावली आणि दार ओढून घेतलं.

तपकिरी कोट. मीच शिवलेला. पाच वर्षांपूर्वी तिची साठ झाली तेव्हा मी तो तिला दिला होता, न सांगता, भेट म्हणून. ती माझ्यापुढे जिना उतरत होती आणि माझी नजर, सवयीने, कॉलरवर गेली. कॉलर मानेला चिकटून, पाठ सपाट, एक सुरकुती नाही, खालची कड एका रेषेत.

"छान बसलाय," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

"हो, आता बसतो," वहिनी म्हणाली. ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. "पहिली दोन वर्षं पाठीत फुगायचा. पुढून वर चढायचा. म्हटलं, वन्सं काही चुकायच्या नाहीत. मीच अजून पुरती म्हातारी झाले नसेन. वापरत राहिले. मग बसला."

मी जिन्यातच थांबले. ती भेट गुपचूप द्यायची होती म्हणून मी तिचं माप घेतलंच नव्हतं. तिचा जुना कोट समोर धरून नवा कापला होता, आणि वहीत तिचं वय लिहिलं होतं. हाताने पुढचं आपोआप केलं होतं.

"वहिनी, काढ तो."

"काय?"

"कोट काढ."

"अहो, बाहेर थंडी आहे."

"काढ म्हणते ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने एकेक बटण सोडलं, बाह्यांतून हात काढले आणि कोट माझ्या हातात दिला. मी वाट बघितली. वहिनी पायरीवर तशीच वाकून उभी होती.